पाच घरांची बाळी

माझ्या उजव्या कानात सोन्याची बाळी होती आणि ती माझी नव्हती. एवढी साधी गोष्ट कळायला मला विसावं वर्ष लागलं. डोकं आधीपासूनच तापट, आणि पायाला भिंगरी. कळणार कधी?

माझ्याआधी आईची तीन मुलं गेली होती. मी झालो तेव्हा तिनं पदर पसरून पाच घरं मागितली, ज्या घरांतली पोरं जगली होती अशी. कुणी सोन्याचा फुटका मणी घातला, कुणी तार. पाचवं घर आमच्या भिंतीला भिंत लागून, पिंजाऱ्याचं. तिथल्या खालानं, पिंजाऱ्याच्या बायकोनं, आपल्या नथनीची अर्धी कडीच तोडून दिली. सोनारानं ते आटवायला घेतलं आणि सवयीनं कसोटीचा दगड काढला, तर आई त्याच्यावर खेकसली, "भिकेचं सोनं कसाला लावत्यात व्हय?" त्यानं मुकाट्यानं बाळी करून दिली. भीक मागून केलेली, म्हणून भिकबाळी. यमाला वाटावं, हे तर भिकाऱ्याचं पोर, याला नेऊन काय करू?

गंमत बघा. नाशकातल्या सरदाराच्या कानात तसलीच बाळी असली की ती ऐट. आमच्यासारख्या माळ्याच्या, कुणब्याच्या कानात असली की घर खाऊनपिऊन सुखी. गोसाव्याच्या कानात कुंडल दिसलं की लोक हात जोडायचे. आणि माझ्यासारखा सातवी पास झालेला, पांढरी टोपी घालणारा, वाचनालयात जाऊन वर्तमानपत्र वाचणारा कुणी बाळी घालून आला, की मागून खसखस पिकायची. "काय रे, नथ कुठं विसरलास?" माझा तिळपापड व्हायचा. दोनदा तर हातघाईवर आलो.

घरी तर विचारूच नका. त्या पाचही बायका माझ्यावर हक्क सांगायच्या. भर बाजारात फुलांची पाटी डोक्यावर असताना कुणीतरी यायची, बाळीसकट कान पिळायची आणि म्हणायची, "आमचं सोनं हाय तुझ्या कानात. नीट वाग." खाला पिळायची नाही. ती नुसती बाळीला बोट लावायची आणि तेच बोट ओठांना लावायची. मला त्याचाही राग यायचा.

माझ्या विसाव्या वर्षी गोदावरीच्या वाळवंटात सभा झाली. स्वातंत्र्याच्या चळवळीसाठी झोळी फिरत होती. बायका बांगड्या उतरवत होत्या. वक्ता ओरडला, "भगिनी दागिने देताहेत आणि पुरुष कानात सोनं घालून बसलेत!" तो माझ्याकडे बघून बोलला असं मला वाटलं. कशाचं, त्याला मी दिसलोही नसेन. पण मी उठलो, बाळी काढली आणि झोळीत टाकली. टाळ्यांचा कडकडाट! गळ्यात हार पडला, तोही आमच्याच मळ्यातल्या झेंडूचा. कान असा हलका झाला की उडावंसं वाटलं. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवलंय, हे डोक्यातही आलं नाही.

घराकडे वळलो तशी आई आठवली. तसाच तांबटाच्या दुकानात गेलो, त्याच आकाराची पितळेची बाळी करून घेतली, कानात घातली. पुढं रोज सकाळी आईच्या आधी उठून ती चिंचेनं घासायचो. आईला पत्ता लागला नाही. मी मात्र सदा कानावर हात ठेवून फिरायचो. "काय सारखा कान चाचपतोस? ठणकतोय का?" आई विचारायची, आणि मी तिच्यावरच चिडायचो.

सहा महिने निभलं. मग खालाच्या सुनेला मुलगा झाला. आधीचे दोन गेले होते. खाला आमच्या ओट्यावर आली, पदर पसरला आणि आईला नाही, मला म्हणाली, "बेटा, तुझ्या कानातल्या सोन्यानं एक जीव धरून ठेवलाय. त्यातलं गुंजभर दे माझ्या पोराला. सोनाराला बोलावते, तो तोडून घेईल."

सोनार! त्यानं कानस लावली की संपलं. आणि मग मी काय केलं असेल? खरं बोललो असेन म्हणता? अहो, मी पुन्हा दानशूर झालो! "गुंजभर कशाला, खाला? सगळीच घे," म्हणालो आणि बाळी काढून तिच्या पदरात टाकली. ती रडली. आईनं माझी अलाबला घेतली, गल्लीभर सांगत सुटली. सुटलो असं मला वाटलं, हेच सगळ्यात वाईट.

भिकेचं सोनं कसाला लावायचं नसतं. त्यांनीही लावलं नाही. दाईनं पोराचा कान टोचला आणि बाळी घातली.

चौथ्या दिवशी भिंतीपलीकडून रडणं सुरू झालं, ते थांबेचना. कान सुजला, पू धरला, भोकाभोवती हिरवट कड आली. पोर दूध ओढेना. दाई म्हणाली, बाळी काढा. खाला म्हणाली, "काढली तर जाईल गं तो. ती जगवणारी बाळी आहे." पिंजाऱ्याच्या कापूस पिंजायच्या धनुकलीची टणटणही बंद पडली. मळ्यात गेलो, परत आलो. नदीवर गेलो, परत आलो. विहिरीवर मोट धरली आणि बैलांना उगाच मारलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत असाच भिरभिरत होतो. जिथं जाईन तिथं ते रडणं ऐकू येत होतं. आणि मग घरी आलो तर ते ऐकूच येईना. पोर थकलं होतं.

धावत खालाच्या घरात गेलो. चपलाही काढल्या नाहीत. "खाला, ती काढ. पितळ आहे ती. सोनं मी झोळीत टाकलं."

'पितळ उघडं पडलं' असं लोक हसत हसत म्हणतात. माझ्यासमोर म्हणू नका.

कोमट तेल लावून खालानं बाळी अलगद काढली आणि लिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं कान धुतला. घरी आईनं भिंतीआडून सगळं ऐकलं होतं; बोलली ती. मारेल असं वाटलं होतं. तिनं खुंटीवरचं माझं उपरणं काढून माझ्या अंगावर फेकलं. "चल. तीच पाच दारं. माझा पदर पसरून झालाय, आता तू पसर."

झोळीत टाकताना हजार माणसं बघत होती, तरी मान ताठ होती. उपरणं पसरून पहिल्या दारात उभा राहिलो तेव्हा बघायला एकच बाई होती, आणि माझी मान वर होईना. "भीक घाला," एवढंही तोंडातून निघेना. आई मागून कोपरानं ढोसायची. एकीनं दिलं आणि कान पिळला. एकीनं नुसतंच दिलं. तिसरी म्हणाली, "देशाला दिलीस ना? मग देशाकडंच माग की!" आणि दार लावून घेतलं. आम्ही उभेच राहिलो. बऱ्याच वेळानं दार उघडलं आणि तिनं एक मणी टाकला. चौथीनं पाणी दिलं, मग तार दिली.

पाचवं दार खालाचं. मी म्हटलं, "आई, तिच्याच पोरासाठी तिच्याकडं कसं मागू?" आई म्हणाली, "पाचवं दार तेच व्हतं. पसर."

पसरलं. खाला उंबऱ्यात आली. उपरण्यातले चार तुकडे तिनं वेचून घेतले आणि पदराला बांधले. त्यात घालायला तिनं स्वतःच्या नथनीची उरलेली कडी आधीच काढून ठेवली होती. मग मूठ उघडून माझ्या उपरण्यात एक वस्तू टाकली. माझी पितळेची बाळी. काठावर अजून हिरवं होतं.

"भिकेचं कसाला लावत नाहीत, बेटा," ती म्हणाली. "कानात घाल."

आईनं तिथंच, पिंजाऱ्याच्या दारात, माझा कान धरला आणि ती घातली.

सोनार संध्याकाळच्या आत नवी बाळी करून आला आणि त्यानं पोराचा दुसरा कान टोचून ती घातली. मी ओट्यावर भिंतीला टेकून बसलो होतो. पोर कळवळून रडलं, मग गप्प झालं. आतून खालाचा आवाज आला, "पितोय, पितोय." मी तिथंच बसून राहिलो. त्या दिवसांत पहिल्यांदाच कुठं जावंसं वाटलं नाही.