तिसरा टॅप

नव्वदच्या आसपास मी कामाला होतो तो कारखाना बंद पडला, तेव्हा मी वाटूरला घरामागं पत्र्याचं शेड ठोकलं आणि गावभर त्याला वर्कशॉप म्हणत फिरलो. आत एक जुनं ड्रिल मशीन, दोन झिजलेल्या कानशी आणि मी. चार महिने कुणी फिरकलं नाही. आता पुणं गाठावं लागणार आणि म्हातारी आई एकटी पडणार, या विचारानं जेवण गिळवत नव्हतं.

अशात गिरणीवाल्या काकांनी गिरणीचा बिडाचा ठोकळा आणून ठेवला. बोल्टाच्या भोकातले आटे गेले होते.

"उद्या सांजच्याला पाहिजे. बराबर झालं, तर मंग माझ्या तिन्ही गिरण्यांचं काम तुझंच."

नवे आटे पाडायला टॅप हवा, म्हणजे भोकात फिरवून आटे कापणारी कडक पोलादी दांडी. त्याचा तीन नगांचा संच असतो. पहिला निमुळता, तो वाट काढतो. दुसरा आटे खोल करतो. शेवटी तिसरा तळापर्यंत जातो. हा क्रम मोडायचा नाही, नाहीतर टॅप मोडतो, हे कारखान्यात पहिल्याच दिवशी शिकवतात.

जालन्यात नवा संच परवडेना. भंगारात माझ्या मापाचा एकच निघाला. तिसरा.

"शनवार हाय, भाऊ. कोणी लोखंड घेऊन न्हाई राह्यलं. काय द्यायचं ते द्या," भंगारवाला म्हणाला.

अडला हरी गाढवाचे पाय धरी. मी तर साधा फिटर. घेतला.

दारात आई आडवी आली. "शनवारी लोखंड उंबऱ्याच्या आत आणू न्हाई, बाबा."

"मंग खायचं काय, उंबरा?" मी खेकसलो. ती बाजूला झाली.

दोन वेढे फिरला आणि टॅप आतच मोडला. त्या कडक तुकड्यावर ड्रिल नुसतं घसरायला लागलं. मग मी येड्यासारखा हातोडीनं ठोकत सुटलो. ठिसूळ बीडच ते, भोकाची कड तुटून हातात आली. मी तिथंच बसून रडलो.

दुसऱ्या दिवशी काकांनी तुकडे पिशवीत भरले. आईच मधे पडली. "त्याचं काई चुकलं न्हाई. शनवार होता. मीच अडवायला पाहिजे होतं."

मी मान खाली घालून उभा राहिलो. सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करतो.

सोमवारी पुण्याची गाडी धरली. आईनं शनिवारचा उपास धरला, तो मरेपर्यंत. सुट्टीला आलो की ती उपाशी बसलेली दिसायची. आधीच्या दोन टॅपचं तिला मी कधीच सांगितलं नाही.