अर्चनाने नेमात सोडलेली गोळी

आषाढी एकादशीच्या सकाळी शांताबाई ढोक देवघरासमोर बसून घरातल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायच्या, "यंदा काय सोडून राहिले?" रायपूरच्या तात्यापारा या जुन्या मराठी वस्तीतल्या त्या घरात चातुर्मास असा हजेरी घेऊनच सुरू व्हायचा. मुलगा रत्नाकर दरवर्षी न चुकता कारलं सोडायचा. एरवी तरी तो कुठे खात होता! नात स्वरदा हिंदीतच हात झटकायची, "दादी, मेरा कुछ नहीं." मग शांताबाईंचा पारा चढायचा. "अरे, ज्याच्याबिगर जमत नाही ते सोडा ना! कारलं सोडून कोणता नेम होते?"

सून अर्चना हे वाक्य बावीस वर्षं ऐकत आली होती. यंदा तिने ते मनावर घेतलं. तळहातावर पाणी घेतलं, मनातल्या मनात काहीतरी बोलली आणि पाणी ताम्हणात सोडलं. कोणाला काही सांगितलं नाही. तिने सोडली होती तिची रोजची गोळी.

तीनेक वर्षांपूर्वी वर्ध्याला तिचे वडील गेले आणि अर्चना हळूहळू विझत गेली. नवा रायपूरच्या कार्यालयात जाणाऱ्या बसमध्ये बसायची आणि कारण नसताना डोळे गळायचे. समोर फाइल उघडी आणि तासभर पान उलटलेलं नाही. शेवटी रत्नाकरने तिला मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. गोळी सुरू झाली आणि दोनेक महिन्यांत बाई पुन्हा माणसात आली. सकाळचा चहा आणि ती गोळी यांची जोडीच जमली. पाकीट चहापत्तीच्या डब्यामागे असायचं. शांताबाई तिला 'डोक्याची गोळी' म्हणायच्या आणि अधूनमधून ऐकवायच्या, "मनावर घेतलं तं एका दिवसात सुटते व." डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, न विचारता बंद करू नका. पण देवाचं काम डॉक्टरला कोण विचारतं?

पहिले दोन दिवस बरे गेले. अर्चना स्वतःवर खूश होती. तिसऱ्या दिवशी बस वळली, तिने मान वळवली आणि डोक्यात सण्णकन करंट गेला. ओल्या हाताने बटण दाबल्यावर बसतो तसा, पण कवटीच्या आत. मग डोळे फिरवले की करंट, जिना उतरली की करंट. नवा रायपूरचे रस्ते एवढे रुंद आणि मोकळे, तरी तिला बस डचमळल्यासारखी वाटायची आणि ती पुढच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसायची. कार्यालयात आवक-जावक नोंदवहीत तिने एकच क्रमांक तीन पत्रांना दिला. शेजारच्या टेबलावरच्या हिरालालने चूक दाखवली, "दीदी, ये देख लीजिए," तर त्या गरीब माणसावर ती अशी खेकसली की अख्खी खोली वळून पाहू लागली. नंतर बाथरूममध्ये जाऊन रडली.

आपलं दुखणं परत आलं, असंच तिने धरलं. म्हणजे आपण बऱ्या झालोच नव्हतो, गोळीने नुसतं टेकू देऊन उभं केलं होतं! या विचाराने ती करंटपेक्षा जास्त घाबरली.

बाराव्या दिवशी, रविवारी, शांताबाई सहज म्हणाल्या, "चहात साखर कमी झाली वाटते." अर्चनाने हातातला कप ओट्यावर आपटला. "तुमचा चहा तुम्ही करून घ्या! मी काय मशीन हाये?" बावीस वर्षांत ती सासूला असं कधी बोलली नव्हती. कपाचे तुकडे वेचता वेचता तिला घेरी आली आणि ती तिथेच खाली बसली. रत्नाकर धावत आला. तिला चहा द्यावा म्हणून त्याने डबा ओढला, तर मागे पाकीट भरलेलं.

"गोळ्या तशाच काहून हायेत?"

मग सगळं बाहेर आलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "दुखणं इतक्या लवकर परत येत नाही. तुम्ही गोळी अचानक थांबवली, म्हणून शरीर कुरकुरतंय. हळूहळू सोडायची असते ती. आधी पुन्हा सुरू करा, मग आपण थोडी थोडी कमी करू. काही महिने लागतील." अर्चनाने मान डोलावली. घरी आल्यावर मात्र गोळीला हात लावेना.

"नेम हाये," ती म्हणाली. "कार्तिकीपर्यंत."

रत्नाकरने समजावलं, चिडला, हातही जोडले. तेव्हा ती हुंदके देत बोलली. वडील गेले त्या वर्षी तिने वांगं सोडलं होतं. श्रावणात कोणाच्या तरी वास्तुशांतीला गप्पांच्या नादात भरलं वांगं खाल्लं, आणि भाद्रपदात वडील गेले. हे तिने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. "आता पुन्हा मोडला अन् तुम्हाले काही झालं तं?" हसू नका. एम.ए. झालेली, सरकारी नोंदी सांभाळणारी बाई. पण भीती काही पदवी पाहून येत नाही.

शांताबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या देवघरात गेल्या, पळी-पंचपात्र घेऊन आल्या.

"अर्चना, तो नेम इकडे दे. आजपासून तो माहा. मी चहा सोडला." पळीभर पाणी हातावर घेऊन सोडलंसुद्धा. "नेम मोडला नाही, घरातल्या घरात हात बदलला. आता घे गोळी."

दिवसाला पाच कप पिणारी बाई! अर्चनाने भरल्या डोळ्यांनी गोळी घेतली. तीन-चार दिवसांत करंट विरळ झाले, आठवड्यात थांबले.

इकडे शांताबाई दुसऱ्याच दिवशी कपाळाला फडकं बांधून आडव्या पडल्या. डोकं ठणकत होतं, मळमळत होतं, रत्नाकरच्या चपलांच्या आवाजावरूनही त्या भांडल्या. संध्याकाळी त्यांनी सुनेला जवळ बोलावलं.

"तुले असंच होऊन राहिलं होतं का व?"

अर्चना घुटमळली. "याच्याहून जास्त, आई."

शांताबाईंनी कपाळावरचं फडकं सोडलं. मग तिचा हात धरला. "अन् मी म्हणत होती, एका दिवसात सुटते. काहीच मालूम नव्हतं मले."

अर्चनाने उठून चहा केला आणि कप समोर धरला. शांताबाईंनी तोंड फिरवलं, "नेम हाये."

"एकदम सोडायचं नसते, आई. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. आज चार कप, पंधरा दिवसांनी तीन. मी गोळी कमी करीन, तुम्ही चहा."

शांताबाईंनी आधी देवघराकडे पाहिलं, मग कपाकडे. आणि कप घेतला.

कार्तिकी आली. शांताबाई सकाळच्या एका कपावर आल्या होत्या, अर्चना डॉक्टरीणबाईंच्या सल्ल्याने अर्ध्या गोळीवर. दर वेळी कमी केली की चार-आठ दिवस जड जायचे, मग निवळायचे. आता करंट लागला तरी ती घाबरत नव्हती. तो कशाचा आहे हे तिला ठाऊक होतं.

द्वादशीच्या सकाळी सगळ्यांचे नेम सुटले. रत्नाकरला कारलं वाढलं, त्याने ते ताटाच्या कडेला सारलं. शांताबाई हात जोडून देवाला मोठ्याने म्हणाल्या, "बाप्पा, आमचं दोघींचं थोडं थोडं राहिलं हाये. पुढच्या आषाढीपर्यंत मुदत दे."

मग सुनेकडे वळल्या. "चल, ठेव चहा. अन् गोळी घेतली का व?"