भात टाक, सरावच आहे

फोन आला तेव्हा कुकरची शिटी व्हायची होती. मुलगा म्हणाला, "आई, बाबा गेले." मी गॅस बंद केला. दुसरं काय करणार...

हे तोफखान्यात हवालदार होते, नव्या पोरांना तोफ शिकवायचे. म्हातारपणी मुलाने आम्हा दोघांना शारजात, अल नहदाच्या त्याच्या फ्लॅटमध्ये आणलं. इथे शिकवायला कोणी नव्हतं, म्हणून हे मला शिकवायचे. मी चौथी पास. विणता विणता ऐकून घ्यायचे.

एकदा अल ऐनला जुन्या वस्तूंच्या दुकानात पितळेचा तोफगोळा दिसला. मुलगा घाबरून म्हणाला, बाबा, हात लावू नका. केरळचा मालकही तो लांबूनच झटकायचा. ह्यांनी वाकून बराच वेळ पाहिलं, मग आडवा करून उजेडाकडे धरला. आरपार भोक होतं. म्हणाले, हा सरावाचा. पोटात रायफलची नळी बसवलेली आहे. तोफ खरी, नेम खरा, उडते ती एवढीशी गोळी. पोरांचा हात बसतो आणि खरा गोळा वाया जात नाही. नळी रिकामी आहे हे दाखवायला माझ्या पिशवीतली विणायची सुई ओढून आरपार घातली. जुन्या तेलाने टोक काळं झालं. मी तिथेच भांडले. मालकाने हसत भांडण मिटवलं, "खलास बाबाजी, अब चाय पियो."

पुढे ह्यांच्या छातीत दुखायला लागलं. दोनदा हॉस्पिटलात नेलं, दोनदा परत आले. दारात चपला काढताना म्हणायचे, "सराव होता गं." तिसऱ्या वेळी मी पदर खोचून निघाले, तर लिफ्टमधून म्हणाले, "तू कशाला येतेस? भात टाक. सरावच आहे." मी भात टाकला.

खरा गोळा कुठला नि सरावाचा कुठला, हे ह्यांना बघून कळायचं. मग स्वतःचं कळलं नाही? की कळलं होतं, आणि मला मुद्दाम घरी ठेवलं... आता विचारू कोणाला.

ह्यांना एसीची थंडी वाजायची म्हणून हाफ स्वेटर विणायला घेतला होता, तो काखेपर्यंत आलाय. सून म्हणाली, "आई, पुरा करा, तुमच्या मुलाला होईल." रोज बसते विणायला. सुईचं टोक अजून काळंच आहे, पुसलेलं नाही.

मुलगा अंगाने बारीक आहे. टाके मी कमी केलेले नाहीत.