तोंडी लावण्यापुरतं शिसं

आमच्या प्रयोगशाळेतली पूर्णिमा सोरते अन्नातलं शिसं शोधते. काही जुन्या बरण्यांच्या आतल्या चकचकीत लेपात शिसं असतं आणि ते आंबट लोणच्यात उतरतं. किती उतरलं, ते यंत्र सांगतं. पण ते अंगाला बाधेल का, हे ठरवायला माणूस रोज किती लोणचं खातो तेही कळावं लागतं, आणि तिथे यंत्राचा काही उपयोग नाही. अख्ख्या वारज्यात तिला लोणचं खाणारा माणूस सापडेना! ज्याला विचारावं तो म्हणे, "अहो, तोंडी लावण्यापुरतं."

हिंदुराव आणि मथुराबाईंकडे मात्र ती चिडलीच. वैशाखात गळ्यापर्यंत भरलेली त्यांची बरणी दिवाळीआधीच तळाला गेली होती, आणि दोघंही तेच सांगत होते. मग तिने प्रश्न फिरवला.

"काकू, काका किती खातात?"

"हे ना? दोन्ही वेळा चार-चार फोडी!"

"आणि काका, काकू?"

"ही तर खार भातावर ओतून घेते."

दोघांचं खरं मानलं, तर तशा दोन बरण्या रिकाम्या व्हायला हव्या होत्या.

गेल्या आठवड्यात ती निकाल सांगायला गेली, तेव्हा मीही सोबत होतो.

"या बरणीतून शिसं उतरतंय. हे लोणचं खाणाऱ्याला धोका आहे," तिने बजावलं.

हिंदुरावांनी बोटावरचा खार चाटला आणि बायकोकडे पाहिलं.

"सुटलो बुवा! आपण कुठे खातो?"