गाडीला काय दिसत नाही

फौजींनी लाल बटण दाबलं, तेव्हा आमची गाडी आणि समोरची फोर्कलिफ्ट यांच्यात जेमतेम हातभर अंतर उरलं होतं. आत सहा कामगार बायका होत्या. एकीचा डबा सांडला, बाकी कोणाला काही झालं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून आमची ड्रायव्हरलेस शटल गेटपासून शॉपफ्लोअरपर्यंत रिकामी धावू लागली.

शिरवळच्या एका कारखान्यात मी तेव्हा सेफ्टी इंजिनिअर होते. शटल म्हणजे आठ सीटची, बॅटरीवरची गाडी. स्टिअरिंग नाही. कडेगावचे तानाजी पवार सैन्यात ट्रक चालवून रिटायर झालेले, म्हणून सगळे त्यांना फौजी म्हणत. ते आत नुसते बसायचे. काही बिघडलं तर बटण दाबायचं, एवढीच ड्युटी.

चूक संध्याकाळपर्यंत सापडली. छतावरचा लेझर सेन्सर किरण सोडून समोरच्या वस्तूचं अंतर मोजतो. फोर्कलिफ्टचं धूड त्याला दिसलं होतं. माल उचलायचे दोन चपटे लोखंडी दांडे पुढे आले होते, ते किरणांच्या खाली राहिले. म्हणजे गाडी थांबली असती, पण दांडे आत घुसल्यावर.

प्लांट हेडचं म्हणणं पडलं, ती ठरवून घेतलेली ब्रेक टेस्ट होती अशी नोटीस लावू. मी म्हणाले, "सर, त्या सहा जणींना हे कोण पटवणार?" मग त्यांनी नोटीस सोडून दिली आणि गाडी सुधारायला मला आठवडा दिला.

आम्ही बंपरवर खाली आणखी दोन सेन्सर बसवले. रिकामी गाडी दिवसभर फोर्कलिफ्टच्या अंगावर सोडली. ती दर वेळी दांड्यांच्या अलीकडे थांबली, तेव्हा कुठे मी लंच ब्रेकमध्ये सगळ्यांना यार्डात बोलावलं. काय चुकलं ते सांगितलं आणि टेस्ट करून दाखवली. मग गाडीचं दार उघडून ठेवलं.

शेवटी असेंब्लीतल्या सुनीताताई पुढे आल्या. डबा त्यांचाच सांडला होता.

"मॅडम, दांडं दिसलं तिला. आजून काय काय दिसत न्हाई?"

प्लांट हेड माझ्याकडे बघत होते. मी सांगून टाकलं. दाट धुक्यात तिला कमी दिसतं. पाणी भरलेला खड्डा सपाट रस्ता वाटतो. काचेचं दार कधी दिसतं, कधी नाही. धुकं असेल त्या दिवशी गाडी काढणार नाही.

"मग धुकं असलं की आमी चालत जाऊ," म्हणत त्या आत जाऊन बसल्या. मागोमाग तिघी चढल्या.

महिन्याभरात शटल भरून जाऊ लागली. काय दिसत नाही याची यादी मी दारावरच चिकटवली. पुढे तिच्यात दोन ओळी वाढल्या, त्यातली एक फौजींनी सुचवलेली. त्या वाचून कोणी खाली उतरलं नाही. गाडीला काय काय जमतं याचं आठ पानी रंगीत माहितीपत्रकही आम्ही छापलं होतं. त्याचे गठ्ठे अजून स्टोअरमध्ये पडून आहेत.