मर्लच्या सदऱ्याचा तुकडा

डोरीन शाळेची बस चालवते. सव्वीस वर्षांत तिच्या बसमध्ये कुणी कुठल्या सीटखाली च्युइंगम चिकटवलं, हे ती आजही झोपेतून उठवलं तरी सांगेल. त्यातला एक पोरगा पुढं शिकून गावातला दातांचा डॉक्टर झाला. डोरीन अजून त्याच्याकडे जात नाही. दाढ दुखली की चाळीस मैल गाडी हाकत दुसऱ्या गावी जाते, आणि जाताना त्याच्या दवाखान्यासमोर मुद्दाम हॉर्न वाजवते.

अशा बाईच्या बापाचा सदरा कापायचा, म्हणजे मर्लला त्या दिवशी काय अवदसा आठवली कोण जाणे.

मर्ल तिच्या थोरल्या बहिणीचा, पॉलेटचा नवरा. माणूस वाईट नाही, पण तोंडाला झाकण नाही. पेनसिल्व्हेनियाच्या उत्तरेकडच्या डोंगरात डोरीनच्या बापानं, म्हणजे ओरननं, आणि तिच्या एल्विन काकानं मिळून बांधलेली लाकडी केबिन आहे. नाताळ उरकला की दुसऱ्या दिवशी घरातले सगळे शिकारी तिथं जमतात. त्या दिवसांत हरणावर चालते ती फक्त चकमकीची, ठासणीची बंदूक. काडतूसवाल्यांनी घरी बसून उरलेला केक खावा. ओरन वारला तेव्हा त्याची बंदूक आपल्यालाच मिळणार असं मर्लनं धरून ठेवलं होतं; भिंतीवर खिळासुद्धा ठोकून ठेवला होता म्हणतात. ओरननं बंदूक ठेवली डोरीनच्या नावानं. तो खिळा अजून तसाच आहे, पॉलेट त्याला कॅलेंडर अडकवते.

तर गेल्या वर्षी डोरीन पहिल्यांदा शिकारीला गेली. वय बावन्न. अंगात बापाचा लाल-काळ्या चौकड्यांचा लोकरी सदरा, बाह्या दोनदा दुमडलेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्याकाठी एक हरीण तिच्यासमोर असं उभं राहिलं की फोटोच काढून घ्यायला आलंय. तिनं नेम धरला, चाप ओढला. चकमक झडली, नळीच्या बाजूच्या छोट्या वाटीतली दारू भुस्सकन पेटली, आणि बस्स. नळीतली दारू ढिम्म. हरणानं शेपटी वर केली आणि सावकाश निघून गेलं.

आता त्या केबिनचा एक रिवाज आहे. ज्याचा नेम चुकला त्याच्या सदऱ्याचा मागचा तुकडा कापायचा, त्यावर नाव लिहायचं आणि चुलीवरच्या भिंतीला ठोकायचा. मालकानं स्वतःच्या बंदुकीनं हरीण पाडलं तरच तुकडा खाली उतरतो. एल्विन काका म्हणाला, गोळी सुटलीच नाही तर नेम चुकला कसा म्हणायचा? त्यावर मर्लनं कात्री उचलली आणि निकाल दिला.

"हरीण चार पायांवर निघून गेलं ना? मग चुकला. गोळीनं काय केलं ते मला नका सांगू."

डोरीन म्हणाली, दुसरा सदरा घालून येते, तो काप. हा बाबांचा आहे. मर्ल म्हणाला, "मग बाबांना पण दिसू दे लेकीनं काय दिवे लावले ते." आणि कापला. सगळे हसले. डोरीनही हसली. तिचं ते हसू ज्यांनी बसमध्ये पाहिलंय ती पोरं दुसऱ्या दिवशी चालत शाळेत जायची.

मार्चमध्ये ती एल्विन काकाकडे गेली. काका ऐंशीचा, हात थरथरतो, पण बंदुकीची दारू भरून ठेवायचं शिंग हातात घेतलं की थरथर थांबते. तिला त्याच्याकडून सगळं पहिल्यापासून शिकायचं होतं. काकानं परसात खुंटावर कागदी ताटली टांगली आणि सुरुवात केली. आधी मापानं दारू. मग चरबी लावलेली चिंधी नळीच्या तोंडावर, चिंधीवर शिशाची गोळी, आणि गजानं थेट तळापर्यंत ठासायची. गजावर एक खूण कोरलेली असते. ती नळीच्या तोंडाशी आली की सगळं जागच्या जागी. शेवटी नळीच्या बाजूच्या भोकाजवळ जी वाटी असते तिच्यात चिमूटभर बारीक दारू.

काका म्हणाला, खूण बघायला आळस करू नकोस. बोलण्याच्या नादात दारू घालायची राहते आणि नुसतीच गोळी ठासली जाते. चांगल्या चांगल्यांचं होतं. मर्लचंच दोनदा झालंय.

हे शेवटचं वाक्य काका सहज बोलून गेला. डोरीननं ते कुठं ठेवलं असेल ते सांगायला नको.

पहिले दोन महिने ताटली सुखरूप राहिली. साठ पोरांच्या आरड्याओरड्यात डोळ्याची पापणी न हलवता घाट उतरणारी ही बाई, पण तोंडापुढं दारू पेटली की डोळे गच्च मिटायची. मग तिनं वाटीत नुसती दारू घालून, गोळीबिळी काही नाही, रोज संध्याकाळी वीस वेळा चाप ओढायचा नेम केला. भुवया जळल्या. शाळेतल्या बायका विचारायच्या, नवीन फॅशन का गं? जूनपर्यंत डोळे उघडे राहायला लागले. ऑगस्टमध्ये ताटलीला भोकं पडली, आणि सप्टेंबरात ती सगळी मधोमध पडायला लागली.

एकदा काका बंदूक पुसता पुसता म्हणाला, गेल्या वर्षी तुझी दारू ओली झाली ती बंदूक आत नेल्यामुळं. भरलेली बंदूक रात्रभर बाहेर ओसरीतच ठेवायची, थंडीत. गार लोखंड चुलीच्या उबेला नेलं की त्याला घाम फुटतो.

"मी आत नेलीच नव्हती," डोरीन म्हणाली.

"मग कुणी नेली?"

डोरीनला आठवलं. मर्लनं नेली होती. कसा गोड बोलला होता, सासऱ्यांची बंदूक आहे, बाहेर गारठेल बिचारी. काकानं फडकं खाली ठेवलं आणि म्हणाला, मर्ल तीस वर्षं ठासणीनं शिकार करतोय, त्याला ठाऊक नसेल असं होणार नाही. मग लगेच म्हणाला, पण चुकूनही नेली असेल. डोरीन म्हणाली, हो, चुकूनच असेल. आणि ताटलीला आणखी एक भोक पाडलं.

यंदा नाताळच्या दुसऱ्या दिवशी सगळे जमले. मर्ल नव्या सदऱ्यात, हिरव्या-निळ्या चौकड्यांचा, मऊ सुती फ्लॅनेलचा. पॉलेटनं आदल्याच दिवशी भेट दिलेला, घडीच्या रेघा अजून उतरल्या नव्हत्या. ओसरीत सकाळी सकाळी बंदुका भरायचं काम चाललं होतं. मर्लनं दारूचं शिंग हातात घेतलं, माप काढलं. नेमकं तेव्हा डोरीननं विचारलं, "मर्ल, ते अकरा टोकांच्या शिंगांचं हरीण तू कुठल्या साली मारलंस? या पोरांनी ऐकलंच नाहीये."

पोरं म्हणजे चाळिशीतले दोन पुतणे, आणि त्यांनी ते पंधरा वेळा ऐकलं होतं. पण मर्लला ती गोष्ट हात मोकळे सोडल्याशिवाय सांगता येत नाही. शिंग दोरीला लोंबकळलं, माप खिशात गेलं, दोन्ही हात हरणाच्या शिंगांएवढे पसरले. हरीण टेकडीवरून उतरलं, थांबलं, वळलं. गोष्ट संपता संपता मर्लनं चिंधी घेतली, गोळी ठेवली आणि गजानं ठासली. तो पुतण्यांकडे बघत होता. डोरीन गजाकडे बघत होती. खूण नळीच्या तोंडाच्या दोन बोटं आत गेली.

तिनं आपली बंदूक उचलली. हातमोजे घातले आणि निघाली.

पुतणे वरच्या अंगानं आरडाओरडा करत, हरणं खाली हुसकत उतरणार होते. डोरीन ओढ्याच्या वळणावर बसली, मर्ल तिच्यापासून शंभर पावलांवर खाली, पडलेल्या झाडामागं. त्याचा हिरवा-निळा खांदा तिला दिसत होता. तासाभरानं झुडपं हलली आणि हरीण बाहेर आलं. नर, आठ टोकांची शिंगं. तिच्यापासून तीस पावलांवर आडवं उभं राहिलं. कागदी ताटली याहून लांब होती.

तिनं बंदूक खांद्याला लावली. एवढा चाप ओढला की बापाच्या सदऱ्याचा तुकडा भिंतीवरून उतरणार होता. वर्षभर त्यासाठीच तर भुवया जाळल्या होत्या. पण हरणाचं तोंड खालच्या अंगाला होतं, वाट सरळ मर्लकडे जात होती, आणि मर्लच्या नळीत दारू नव्हती.

हरीण तिथं किती वेळ उभं होतं, हे तिनं कुणाला सांगितलेलं नाही. पण बराच वेळ असावं. तिनं बंदूक खाली घेतली. हरीण दोन पावलं चाललं, आणखी दोन, असं करत करत मर्लसमोर जाऊन उभं राहिलं. खालून भुस्स झालं. धुराचा एक छोटासा पुंजका वर आला. मग मर्लच्या तोंडून जे निघालं ते पॉलेटच्या चर्चमध्ये चाललं नसतं.

दुपारी केबिनसमोर मर्लनं टोकाला मळसूत्र असलेला गज घालून गोळी ओढून काढली. चकचकीत, नवी कोरी, दारूचा एक काळा कण नाही. पुतणे ओसरीच्या कठड्याला धरून हसत होते. मर्लनं गोळीकडे पाहिलं आणि मग डोरीनकडे.

"तू बघत होतीस."

"तू गोष्ट सांगत होतास," डोरीन म्हणाली. "मी ऐकत होते."

मर्ल म्हणाला, गोळी सुटलीच नाही, मग नेम चुकला कसा? त्यावर काकानं कात्री आणून डोरीनच्या हातात दिली आणि गेल्या वर्षीचा निकाल अक्षरशः म्हणून दाखवला. चार पाय, निघून गेलं, गोळीनं काय केलं ते नका सांगू.

रिवाज तळहाताएवढ्या तुकड्याचा आहे. डोरीननं पाठीच्या मध्यापर्यंत कापलं. घाईनं नाही, चौकड्यांच्या रेघेवरून, सरळ. मर्ल ओरडला, एवढा कशाला? ती म्हणाली, हलू नकोस, वाकडं जाईल.

भिंतीवर आता तळहाताएवढे दोन तुकडे शेजारी शेजारी आहेत; मर्लच्या सदऱ्याचं उरलेलं कापड डोरीननं घडी करून खिशात घातलं. लाल-काळा अजून तिथंच आहे.

संध्याकाळ व्हायच्या आत तिनं आपली बंदूक रिकामी करायला खुंटावर झाडली. धडाम आवाज डोंगरभर फिरला. काका दारात उभा होता. हिची दारू कोरडी होती हे त्यानं ऐकलं आणि विचारलं, हरीण मर्लकडे कुठून आलं?

"माझ्यासमोरून."

"किती लांबून?"

"तीस पावलं."

काका म्हणाला, ओरन असता तर त्यानं हरीण पाडलं असतं. डोरीननं नळीत फडकं घातलं आणि म्हणाली, "बाबांच्या बापाचा सदरा कुणी कापला नव्हता." काका दारातून वळला. आत जाऊन बीन्सच्या पातेल्यात चमचा फिरवू लागला.

घरी आल्यावर तिनं उरलेला हिरवा-निळा कपडा टेबलावर पसरला. भिंतीवर गेला त्याच्या तिप्पट शिल्लक होता. त्यावर बापाचा मापाचा गोल लाकडी ठोकळा ठेवून तिनं कापडाच्या गोल गोल चिंध्या कापल्या, हरणाच्या चरबीत घोळवल्या आणि ओरनच्या पत्र्याच्या डबीत रचल्या. पुढच्या नाताळात गोळी त्यात गुंडाळायची, नीट ठासायची, खूण बघायची. कापड चांगलं होतं, दाट विणीचं. अशा चिंधीत गोळी घट्ट बसते.

तेवढ्यात पॉलेटचा फोन आला. एका दिवसाचा सदरा गं, ती म्हणाली, अर्धा कापलास. निदान तो तुकडा परत पाठव, मी जोडून तरी बघते.

"काळजी करू नकोस," डोरीन म्हणाली आणि डबीचं झाकण दाबलं. "वाया नाही जायचा."