इंदूचा उजळलेला रंग

इंदू काळी होती. सावळी वगैरे म्हणायचं ते बघायला येणाऱ्यांसमोर. ते गेले की तिची आई मंदाकिनी स्वतःच तिला काळी म्हणायची. रायपूरजवळच्या बीरगांवात त्यांचं घर आमच्या घराला लागून, मधली भिंत एकच, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. मंदाकिनीचा नवरा रेल्वेत होता, तो वारला, आणि वर्ध्याकडून आलेल्या या बाईपुढे लग्नाच्या दोन पोरी उरल्या: इंदू आणि तिच्या पाठची देवश्री.

रायपूर तेव्हा नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं. जो तो बांधत सुटला होता. सळईला मागणी, भट्ट्यांना भंगाराची भूक. भैय्यालालच्या भंगार यार्डात फौजेचे जुने तोफगोळे येऊ लागले. कागदावर ते रिकामे. आत मात्र पिवळट, मेणासारखी बारूद चिकटलेली असायची. ती तशीच भट्टीत गेली तर भट्टी उडायची, म्हणून बायका बसवून, गरम पाणी ओतून खुरप्यानं खरवडून घ्यायची. हातमोजे मागितले की भैय्यालाल हसायचा. "अरे दीदी, इससे तो हाथ गोरे होते हैं." धुतलेलं लालसर पाणी नाल्यात जायचं. नाल्याकाठच्या बकऱ्या झुलायला लागल्या तेव्हा त्यांच्या मालकानं त्या मरायच्या आत कसायाला विकल्या, आणि आम्ही खाल्ल्या.

इंदू तिथे कामाला लागली. काही महिन्यांत तिचे तळवे पिवळे झाले, मग गळा, मग तोंड. कपाळावरचे केस तांबूस झाले. दुसऱ्या कुठल्या आईनं पोरीला दवाखाना दाखवला असता. मंदाकिनी हरखली.

"ताई, पाहा ना, पोट्टीचा रंग कसा उजळून राहिला!"

आणि खरोखर शंकर नगरहून स्थळ आलं. भोसल्यांच्या काळापासून रायपुरात असलेलं घराणं. एरवी आमच्यासारख्यांच्या उंबऱ्यात चपला काढणारी माणसं नव्हेत. मुलगा निरंजन, मंत्रालयात नवा लागलेला. त्याच्या आईनं, पद्मजाबाईंनी, इंदूची हनुवटी धरली. "काय केतकी रंग आहे हो!" डोळ्यांतला पिवळेपणा त्यांना दिसला नाही, कारण मंदाकिनीनं काजळ चांगलं जाड ओढलं होतं.

साखरपुडा झाला आणि इंदू घरी बसली. जेवण जाऊ लागलं, रंग उतरू लागला. पोरगी बरी होत होती, एवढाच त्याचा अर्थ. पण मंदाकिनीच्या तोंडचं पाणी पळालं. ती सरळ यार्डात गेली, ती पिवळी पूड ओंजळभर मागून आणली, बेसनात आणि सायीत कालवली, आणि रोज दुपारी पोरीच्या अंगाला उटणं म्हणून चोळू लागली.

भिंतीपलीकडून ऐकू यायचं.

"आई, मले मळमळून राहिलं. उजव्या कुशीत दुखते. लघवी चहासारखी होते."

"लग्न ठरलं की होतेच असं. हात वर कर."

"दवाखान्यात जाऊ ना."

"येडी झाली का? सासरच्यांनी पाह्यलं म्हणजे? लगन मोडतीन ना!"

मी तडक त्यांच्या घरात गेले. "मंदाकिनी, बाँबमधली बारूद आहे ते. पोरीच्या अंगाले काहून चोळून राहिली?"

"तुमच्या पोरीले कोणी काळी म्हनून परत नाही धाडलं, ताई," ती म्हणाली. तिचं खरं होतं, आणि म्हणूनच मला तिचा जास्त राग आला.

हळदीच्या दिवशी इंदूला लावलेली हळद दिसेना, इतकी ती पिवळी होती. बायका कौतुकानं हसल्या. संध्याकाळी ती भलतंसलतं बोलायला लागली, नाकातून रक्त आलं. ऑटोत घालून आम्ही तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं पापणी ओढून पाहिली, तळवे उलटे-सुलटे केले.

"ये काम क्या करती थी?"

"घर का काम," मंदाकिनी म्हणाली.

मी यार्डाचं सांगितलं, उटण्याचंही सांगितलं. डॉक्टरनं तिचा हात खाली ठेवला. "ये ज़हर चमड़ी से अंदर जाता है, माताजी. लिवर खा गया इसका." सकाळी इंदू गेली.

शंकर नगरची मंडळी तेराव्याला आली. पद्मजाबाईंनी डोळे पुसले, पाणी घेतलं, आणि हळूच विषय काढला. पत्रिका सगळीकडे गेल्या होत्या, आता पाहुण्यांना काय सांगायचं, धाकटी असली तरी आमची हरकत नाही. "फक्त जरा सावळी आहे, नाही का?"

मंदाकिनीनं पदर सावरला. "उजळते जी. आमच्या घरच्या पोट्ट्या उजळतात. दोन महिने द्या फक्त."

पाहुण्यांसमोरच माझा तोल गेला. "अगं, डॉक्टर काय म्हणाला, ऐकलं नाही का तू?"

"कावीळ पाण्यानं होते, ताई. नळाले गटाराचं पाणी येते, साऱ्या मोहल्ल्याले झाली होती."

देवश्री दाराशी ट्रे घेऊन उभी होती. मी तिचा दंड धरला. "पोरी, तू तरी नाही म्हण!"

तिनं दंड सोडवून घेतला. "आप बीच में मत पड़ो, काकू. मेरे को भी यहाँ से निकलना है."

त्या सोमवारपासून देवश्री भैय्यालालच्या यार्डात जाऊ लागली. बाकीच्या बायका निदान तोंडाला फडकं तरी बांधायच्या. ती बांधत नव्हती.